मधल्या पंपाची टाकी

आगीच्या फोटोत पंपावरचा माणूस कधी येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दिसतो तो ब्रांच धरलेला, तोंड काळं झालेला, फवाऱ्यामागे अर्धा लपलेला जवान. होजपाइपच्या टोकाला असते ती पितळी ब्रांच. ज्याच्या हातात ती, तो हिरो. तिच्यात पाणी कुठून आलं हे कोणी विचारत नाही. माझी बहुतेक नोकरी या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शिकवण्यात गेली. नवी मुंबईत अग्निशमन दलात भरती झालेल्या पोरांना मी पंप शिकवत असे.

मी मूळचा माण तालुक्यातला. उन्हाळ्यात टँकरमागे कळशी घेऊन पळणं हाच आमच्या गावचा व्यायाम. त्या गावच्या माणसाने पाणी फेकायची नोकरी धरावी, याचं माझ्या वडिलांना शेवटपर्यंत हसू येत असे. सुट्टीवर गेलो की विचारायचे, "काय मास्तर, यंदा किती विहिरी ओतल्या?" मी मास्तर नव्हतो, पण पंप शिकवतो म्हणजे मास्तरच, असा त्यांचा हिशोब होता. माझ्या स्वभावातला तापटपणा मात्र नोकरीने आलेला नाही, तो घरून आणलेला आहे. पाणी वाया गेलेलं मला अजूनही बघवत नाही. ड्रिल संपल्यावर कोणी होज उगाच सुरू ठेवला, तर मी त्याच्या खानदानाची चौकशी करतो.

पाणी आगीच्या जवळ असलं तर एक गाडी पुरते. लांब असलं तर रिले करावा लागतो. म्हणजे एक गाडी तळ्यावर किंवा खाडीवर लावायची, दुसरी मध्ये, आणि तिथून होज पुढे आगीपर्यंत न्यायचा. पहिली गाडी पाणी खेचून दुसरीला देते, दुसरी त्याला पुन्हा जोर लावून पुढे पाठवते. लांब होजमधून जाताना पाणी दमतं, माणसासारखंच. म्हणून मध्ये कोणीतरी पुन्हा ढकलायला लागतं. यात अवघड असं काही नाही. चौथीतल्या पोराला समजेल. तरीही माझ्याकडे आलेल्या प्रत्येक बॅचमध्ये निम्म्या पोरांनी पहिल्या रिलेत गोंधळ घातला.

मधला पंप कोणालाच नको असतो. पहिल्या पंपवाल्याला निदान पाणी दिसतं. ब्रांचवाल्याला आग दिसते. मधला रस्त्याच्या कडेला एकटा उभा, ना आग ना पाणी, समोर दोन काटे. एक काटा मागून किती येतंय ते सांगतो, दुसरा पुढे किती जातंय ते. त्याने एवढंच बघायचं, की मागचा काटा शून्याकडे जाता कामा नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की पोरं माझ्या पाठीमागे मला पोहरा म्हणत. म्हणू देत. मागून येतंय त्याहून जास्त पुढे ढकलायला गेलात, की मधला होज चपटा होतो, पंप खडे भरल्यासारखा खडखडतो आणि पुढचा माणूस कोरडा पडतो. पुढच्याला जास्त द्यायला गेलेला माणूसच पुढच्याला कोरडा पाडतो. हे पोरांना पटायला वेळ लागे.

आणखी एक गोष्ट असते, मधल्या गाडीची स्वतःची टाकी. ती भरलेली असते आणि तिचा एक दांडा पंपाजवळच असतो. मागचं पाणी तुटलं तर तो ओढून टाकीतलं पाणी पुढे देता येतं, पण ते थोडा वेळच पुरतं. ते आतल्या माणसांना सुखरूप बाहेर येता यावं म्हणून राखलेलं असतं. म्हणून माझा नियम असा, की वॉकीटॉकीवर सांगितल्याशिवाय टाकी उघडायची नाही. गुपचूप उघडली तर ब्रांचवाल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. तो आणखी आत जातो. आणि टाकीचं पाणी हळूहळू कमी होत नाही, ते एकदम थांबतं.

वॉकीवर बोलण्याचाही माझा एक नियम होता, तो म्हणजे नातं लावायचं नाही. आपल्या लोकांना नात्याशिवाय बोलता येत नाही. दादा, पाणी सोड. काका, जरा थांबा. एकदा ड्रिलमध्ये कोणीतरी "दादा, बंद कर" म्हणाला आणि तीन पंपांवरच्या तीन दादांनी एकदम पाणी बंद केलं. होज असा काही उडाला, की दोघं गवतात बसले. तेव्हापासून मी सांगू लागलो, की वॉकीवर दादा नाही, काका नाही, भाऊ नाही. पहिला पंप, मधला पंप, ब्रांच. घरची नाती गेटवर ठेवून यायची.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये एक बहीण-भाऊ होते. थोरली बहीण, धाकटा भाऊ. मूळचे मराठवाड्यातले, पण दोघांचं सगळं आयुष्य तुर्भ्यात गेलेलं. वडील घाऊक भाजीबाजारात माथाडी होते आणि पाठ गेल्यावर घरी बसले होते. आई पोरं लहान असतानाच वारली होती. बहिणीने घर चालवलं, भावाला शिकवलं, आणि बाजारातून भाजीचा टेम्पो चालवता चालवता मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. भरतीची जाहिरात आली तेव्हा दोघांनी एकदमच फॉर्म भरला आणि दोघंही लागली. सकाळी गेटवर दोघं जोडीने "जय भीम, सर" म्हणत आणि मग दोन वेगळ्या रांगांत उभी राहत. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून बॅचमधली बाकी पोरंही ताई म्हणू लागली. तिच्याहून मोठा असलेला एक होता, तोही. पुढे पुढे मीही मनातल्या मनात तिला ताईच म्हणू लागलो, हे माझ्या नियमाच्या विरुद्ध होतं.

तिला पंपावरच जायचं होतं. तिथे चालक आणि पंप-ऑपरेटर एकच असतो, आणि गाडीवर तिचा जीव होता. इंजिनाचा आवाज जरा बदलला की ती मान वळवायची. हात स्थिर, डोकं शांत. मी शिकवलेल्यांपैकी तिच्याइतका चांगला हात थोड्यांचाच होता. ती नापास होईल असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत सगळे शेडमध्ये डबे उघडत. मी कोपऱ्यात माझा डबा खात असे. या दोघांचा डबा एकच असायचा, चांगला मोठा, तीन मजली. ताई तो उघडायची, भावापुढे ठेवायची आणि बाटलीतलं पाणी प्यायची.

"ताई, तू?"

"जेवले मी घरून. तू खा."

तो खायचा. सपाटून भूक लागायचं वय आणि सकाळभर होज गुंडाळलेले. पुन्हा भाजी मागितली तर ती खालचा डबा थोडा तिरका करून म्हणायची, "आहे अजून. घे." आणि उरलेली सगळी त्याच्यापुढच्या झाकणात ओतायची. हे मी रोज बघत होतो. डबा मोठा होता, पण आतलं जेवण दोघांचं नव्हतं. सकाळी साडेसहाला गेटवर हजर असणारं माणूस घरून जेवून येत नाही.

आमच्या घरीही अशी एक बाई होती. माझी आई. ती रिकाम्या टोपात उलथनं फिरवून "आहे अजून, घे" म्हणायची. रिकाम्या टोपाचा आवाज वेगळा येतो, हे मला फार उशिरा कळलं. लोक या गोष्टीवर कविता करतात. मला राग येतो. तिच्या हाडांचं पुढे काय झालं ते मी बघितलं आहे.

पण कोणाच्या डब्यात डोकावणं हे माझं काम नव्हतं. मी पंप शिकवत होतो.

प्रत्येक बॅचचा एक रिले मी प्रशिक्षण केंद्राच्या टाकीवर न घेता बाहेर घेत असे. त्या वर्षी तो सारसोळ्याच्या जेट्टीवर घेतला. खाडीचं पाणी खारं. ते वापरलं की नंतर सगळे पंप गोड्या पाण्याने धुवावे लागतात, म्हणून ऑफिसातले लोक कुरकुरत. मी ऐकत नसे. ज्याने सिमेंटच्या टाकीतूनच पाणी खेचलंय त्याला पाण्याबद्दल काही माहीत नसतं. पहिल्या पंपावर याच बॅचमधला, करावे गावचा एक जवान होता. त्याच्या घरचे पिढ्यानपिढ्या खाडीत मासे धरणारे. त्याने गाडी लावली, सक्शनचा पाइप पाण्यात सोडला आणि मला हाक मारली.

"सर, पानी उतरतंय. बेगीन उरका, नायतर चिखल खेचाल."

"किती वेळ आहे?"

"हाय तासभर. पन माझ्या भरवशावर नका ऱ्हाऊ, खाडीला इचारा."

मधल्या पंपावर ताई. जेट्टीचा रस्ता जिथे वळतो तिथे तिची गाडी उभी होती, त्यामुळे तिला मागचं पाणी दिसत नव्हतं आणि पुढचं मैदानही नाही. मैदानात एका जुन्या लोखंडी पिंपात आम्ही आग पेटवली होती आणि ब्रांचवर तिचा भाऊ. मी मुद्दाम तशी जोडी लावली नव्हती. नावं ओळीने आली, तशी लागली. करावेच्या जवानाला मी आधीच कानात सांगून ठेवलं होतं, की मी फोनवर मिस्ड कॉल दिला की पाणी अर्ध्यावर आण. मग मी ताईच्या गाडीजवळ जाऊन उभा राहिलो.

रिले झकास लागला. मागचा काटा स्थिर, पुढचा काटा स्थिर. मी खिशातल्या खिशात मिस्ड कॉल दिला.

मागचा काटा खाली येऊ लागला. तिने तो माझ्याही आधी पाहिला. आता तिने काय करायचं होतं? थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी करायचा, वॉकी उचलायची आणि पुढे सांगायचं, मागून पाणी कमी झालंय. एवढंच. ती काट्याकडे बघत राहिली. मग तिचा डावा हात आपोआप खाली गेला आणि तिने टाकीचा दांडा ओढला. हळू, आवाज न करता. पुढचा काटा पुन्हा जागेवर आला. वॉकीवर भावाचा आवाज आला.

"ताई, एकदम मस्त पाणी आहे. अजून थोडं वाढव ना."

तिने वॉकी तोंडाजवळ नेली आणि एकच शब्द म्हणाली.

"घे."

मी टाकी संपेपर्यंत उभा राहिलो. टाकी संपली तसा पंप खडखडला, होज पोचट पडला, आणि वळणापलीकडून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. ब्रांचमधून लहान मुलाच्या पिचकारीएवढं पाणी गळत होतं आणि पिंप पुन्हा पेटलं होतं. सगळ्यांना गंमत वाटली. मी जो भडकलो, तो आजही जेट्टीवरच्या लोकांना आठवत असेल. जाळी विणत बसलेला एक म्हातारा जाळी उचलून दुसरीकडे जाऊन बसला.

"टाकी का उघडली?"

ती ताठ उभी. "सर, वाटलं मागचं पाणी येईल तोवर निभेल."

"आणि नाही आलं तर?"

तिने टाकीचा दांडा परत आत ढकलला.

"पुढे सांगितलं का नाहीस?"

"तो आगीसमोर उभा होता सर." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "त्याला नाही कसं म्हणणार?"

हे ती मला विचारत होती. खरंच विचारत होती, उत्तर माहीत नसल्यासारखं. माझा राग अर्धा तिथेच उतरला आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करावं ते मला समजेना. मी तिला सांगितलं, की झाकली मूठ घरात चालते, पंपावर नाही. इथे पिंप होतं म्हणून सगळे हसले. उद्या गोडाऊन असेल. तू टाकी गुपचूप उघडशील, तो 'मस्त पाणी आहे' म्हणत आत जाईल, आणि मग पाणी थांबेल. आगीने नाही मरणार तो, तुझ्या गप्प बसण्याने मरेल.

मी फार कठोर बोललो असं नंतर एक सहकारी म्हणाला. मला तसं वाटत नाही. जे होतं ते मी सांगितलं. तिला नापास केलं. आणखी एकच संधी होती. तीही गेली असती तर तिला पंप मिळाला नसता, साधी जवान म्हणून राहावं लागलं असतं. तिने खाली बघून मान हलवली आणि गोड्या पाण्याने पंप धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्याकडे आला. चेहरा फुगलेला.

"सर, ताईला फेल का केलं? माझ्याकडे पाणी तर फुल येत होतं. लास्टला जरा प्रॉब्लेम झाला, तो तर मागच्या पंपाचा."

"फुल येत होतं, म्हणूनच."

त्याला कळलं नाही. मी विचारलं, "डब्यात किती जणांचं असतं रे?"

"दोघांचं. पण ताई घरून जेवून येते."

"तू बघितलंयस तिला जेवताना?"

तो काहीतरी बोलणार होता. थांबला. मग म्हणाला, "तिला सवय आहे सर." आणि आपणच जे बोललो ते ऐकून तो ओशाळला असावा, कारण "येतो सर" म्हणून लगेच गेला. मी विषय वाढवला नाही. माझं काम पंपापुरतं.

पुढच्या आठवड्यात फेरपरीक्षा झाली. मी पाणी तोडलं. तिने थ्रॉटल कमी केला, वॉकी उचलली आणि म्हणाली, "मधला पंप. मागून पाणी कमी होत आहे. ब्रांचने मागे यावे." शाळेत कविता म्हणतात तशी. सगळं बरोबर. पास करण्यावाचून मला इलाज नव्हता आणि मी पास केलं. पण माझं समाधान झालं नाही आणि मी ते तिला सांगितलं.

"पाणी मी तोडणार हे तुला माहीत होतं. ब्रांचवर कोण आहे, आणि तो पिंपासमोर आहे हेही माहीत होतं. खरं पाणी तुटेल तेव्हा काय करशील?"

"सांगेन सर."

"बघू," मी म्हणालो.

दोघांना एकच स्टेशन मिळालं, फक्त गाड्या वेगळ्या. करावेचा जवान आमच्या केंद्राच्या गाडीवर आला. पुढची बॅच आली, पोहरा पुन्हा तेच वाक्य म्हणू लागला, आणि मी त्या बहीण-भावाला जवळजवळ विसरलो.

मग एका दुपारी जासईच्या बाजूला, कंटेनर यार्डांच्या मधल्या एका गोडाऊनला आग लागली. आत पुठ्ठा आणि प्लॅस्टिक. अशी आग विझत नाही, ती धुमसत बसते. आसपासच्या गाड्या गेल्या, त्या पुरेनात म्हणून आमच्या केंद्राचीही गाडी बोलावली, आणि मी गाडीत चढून बसलो. शिकवणाऱ्याने अधूनमधून जावं, नाहीतर तोंडाला गंज चढतो. पाणी होतं ते गावाजवळच्या तळ्यात, गोडाऊनपासून बरंच लांब. आमची गाडी तळ्यावर लावली आणि करावेच्या जवानाने पंप घेतला. होजच्या कडेकडेने मी पुढे चालत निघालो. रस्त्यावर ट्रेलरची रांग अडकलेली, ड्रायव्हर खाली उतरून मोबाईलवर शूटिंग करत होते. रांगेच्या अर्ध्यावर मधली गाडी दिसली. पंपावर ताई होती.

तिने मला बघितलं आणि मान हलवली. बोलली नाही, डोळे काट्यांवर. मी विचारलं, "पुढे कोण?"

"तोच आहे सर. आणखी दोघं आहेत सोबत. आत गेलेत."

मी तिथेच थांबलो. पुढे जायला हवं होतं, पण पाय निघेना.

बराच वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. मग मागचा काटा थरथरला आणि उतरू लागला. तळ्यात जलपर्णी माजलेली होती, तिची मुळं सक्शनच्या जाळीला गुंडाळली होती आणि करावेचा जवान वॉकी काठावर टाकून स्वतः पाण्यात उतरला होता. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त काटा दिसत होता.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी तिने वॉकी उचलली होती.

"मधला पंप. मागून पाणी तुटतंय. ब्रांच, मागे या."

खरखर. मग त्याचा आवाज, धापा टाकत. "ताई, दोन मिनिटं. कंट्रोलमध्ये येतेय. थोडं दे ना. ताई."

मी आजवर वॉकीवर अनेक नाती ऐकली आणि त्यांवर ओरडलो. ती हाक ऐकून मला ओरडता आलं नाही. तिने डोळे मिटले आणि उघडले. डावा हात खाली गेला. तिने टाकीचा दांडा ओढला.

तेच. अगदी तेच, जेट्टीवरचं. पुढचा काटा उभा राहू लागला आणि मला वाटलं, संपलं सगळं, काही शिकली नाही पोरगी. पण तिचा उजवा हात थ्रॉटलवर होता. तिने तो खाली आणला. थोडासा. फवारा लहान व्हावा, पण मरू नये, एवढाच. मग ती वॉकीत बोलली.

"पाणी संपलं."

"ताई..."

"ताई नाही, मधला पंप बोलतेय. पाणी संपलं. बाहेर ये. बाकीच्यांना घेऊन ये."

टाकी जवळजवळ भरलेली होती. मी काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघत होतो. ती खोटं बोलत होती, माझ्यासमोर, वॉकीवर, आणि आवाज जरासुद्धा हलला नव्हता. माझ्या नियमाप्रमाणे जेवढं पाणी असेल तेवढंच सांगायचं. मी तोंड बंद ठेवलं.

पुढच्या काट्यावरून कळत होतं की ब्रांच अजून चालू आहे. बारीक धारेने. म्हणजे ते पाणी मारत मागे येत होते. ती नळीतल्या पातळीकडे बघत होती आणि थ्रॉटलवरचा तिचा हात अगदी हलका होता. पातळी अर्ध्यावर आली. आणखी खाली गेली. मग वॉकीवर एक अनोळखी आवाज म्हणाला, तिघं बाहेर आलेत. तिने दांडा बंद केला. टाकीत पाव हिस्सा पाणी शिल्लक होतं.

आत काही कोसळलं वगैरे नाही. असं गोष्टीत कोसळतं. इथे नुसता धूर खाली उतरला आणि ज्या दारातून ते तिघं बाहेर आले ते दार दिसेनासं झालं. थोड्या वेळाने तळ्यावरचं पाणी पुन्हा सुरू झालं. काम संध्याकाळपर्यंत चाललं, नंतर दुसऱ्या लोकांनी हातात घेतलं आणि या तिघांना विश्रांतीला पाठवलं.

तो रस्त्याने चालत मधल्या गाडीपाशी आला. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर डोळेच काय ते पांढरे. त्याची नजर सरळ टाकीच्या नळीवर गेली. तोही माझाच विद्यार्थी, कुठे बघायचं ते त्याला माहीत होतं.

"पाणी होतं," तो म्हणाला. "ताई, पाणी होतं ना टाकीत! तू बोलली संपलं!"

"होतं."

"मग?"

"आहे म्हटलं असतं, तर आला असतास?"

त्याने काखेतलं हेल्मेट रस्त्यावर ठेवलं. पंप चालूच होता. ट्रेलरवाल्यांपैकी एकाने सगळ्यांसाठी चहा आणला होता, तो निवून गेला होता.

मग जासई गावातली काही माणसं पुलावाची पाकिटं घेऊन आली आणि गाडी गाडी करत वाटत गेली. मधल्या गाडीपर्यंत येईतो एकच पाकीट उरलं. वाटणाऱ्याने ते, सवयीने, पुरुषाच्या हातात दिलं. भावाने रबर काढलं, झाकण उघडलं आणि पहिला घास उचलता उचलता थांबला.

"ताई, तू जेवलीस?"

मला उत्तर ठाऊक होतं. मी रोज ऐकलेलं होतं ते. मी मुद्दाम काट्यांकडे बघू लागलो.

"नाही," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. भूक लागलीय."

मग त्याने हातातला घास पाकिटात परत ठेवला, हात पँटला पुसला आणि पाकीट तिच्यापुढे धरलं.

"घे."

तिच्या जागी मी पंपावर उभा राहिलो. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि जेवली. सगळं संपवलं तिने, त्याला अर्धं ठेवलं नाही.